पांगुंगहार्जोची कचरा-सेवा : वर्गणी, अमानत आणि पाहुण्यांचे ताट

इंडोनेशियातील योग्याकार्ता शहराच्या दक्षिण वेशीला लागून, बांतुल जिल्ह्यात, पांगुंगहार्जो नावाचे गाव आहे. १९४६ मध्ये तीन जुनी गावे एकत्र करून ते बनले. आज त्यात चौदा वाड्या आहेत आणि शहर इतके अंगाशी आले आहे की भातखाचरे आणि नव्या वसाहती एकाच रस्त्यावर दिसतात. बोरोबुदूर आणि प्रांबानान पाहायला मराठी पर्यटक योग्याकार्ताला जातात, पण हे गाव सहसा त्यांच्या वाटेवर नसते. गावाच्या मालकीच्या ‘पांगुंग लेस्तारी’ या उद्योगसंस्थेने २०१३ पासून चालवलेली कचरा उचलण्याची आणि निवडण्याची सेवा हा या परीक्षणाचा विषय आहे. त्याच संस्थेचे ‘कांपुंग मातारामान’ हे जेवणघरही ओघाने त्यात येते, कारण बाहेरून आलेल्या माणसाचा या व्यवस्थेशी पहिला संबंध तिथेच येतो.

कचऱ्याच्या सेवेवर कोणी पर्यटक लिहीत नाही, याची मला कल्पना आहे. मी मात्र कोकण किनाऱ्यावरील गावचा आहे. आमच्याकडे निवास-न्याहारीच्या पाट्या दरवर्षी वाढतात आणि त्यांच्यामागोमाग खाडीकाठचे ढीगही वाढतात. दुसऱ्या एखाद्या गावाने हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहण्याची मला म्हणूनच मनापासून गरज वाटते.

सेवेची रचना सरळ आहे. गावातील घरे, दुकाने आणि खानावळी वर्गणीदार होतात आणि दरमहा शुल्क भरतात. संस्थेची वाहने दारातून कचरा नेतात. केंद्रात माणसे तो हाताने निवडतात. भंगारात विकता येईल असे प्लास्टिक, कागद आणि धातू बाजूला काढले जातात, ओला कचरा खताकडे जातो, आणि ज्याचे काहीच करता येत नाही ते शेवटी उरते. स्वयंपाकघरात वापरून झालेले तळणाचे तेल वेगळे गोळा करून, शुद्ध करून उद्योगांना इंधन म्हणून विकले जाते. तळलेल्या पदार्थांवर जिथे निम्मा नाश्ता उभा आहे, त्या जावात गटारात ओतल्या जाणाऱ्या तेलाला गिऱ्हाईक शोधणे, हे मला या उपक्रमातील सर्वांत धोरणी पाऊल वाटते. अलीकडे ‘पास्ती आंकुत’ नावाचे मोबाइल अ‍ॅपही आले आहे आणि घरातच नीट निवडून दिलेल्या कचऱ्याचा मोबदला कुटुंबाच्या नावे जमा होण्याची सोय त्यातून झाली आहे. कामावर प्रामुख्याने गावातील गरजू घरांची माणसे घेतली गेली आणि संस्थेच्या उत्पन्नाचा काही भाग गावाच्या आरोग्य व शिक्षणविषयक साहाय्याकडे वळवण्यात आला. २०१२ मध्ये लुराह, म्हणजे गावप्रमुख, झालेल्या वाह्युदी आंग्गोरो हादी यांच्या काळात हे सारे उभे राहिले आणि २०१४ मध्ये पांगुंगहार्जो राष्ट्रीय पातळीवर सर्वोत्तम गाव ठरले.

गाडी वेळेवर येते का आणि रस्ता स्वच्छ दिसतो का, एवढ्यावर या सेवेचे मोल ठरवता येईल. पण हे मुस्लिमबहुल गाव आहे आणि क्रापयाकचे प्रसिद्ध पेसांत्रेन, म्हणजे निवासी मदरसा, याच गावाच्या हद्दीत आहे. १९११ मध्ये मुहम्मद मुनव्वीर या विद्वानाने तो स्थापन केला आणि १९८९ मध्ये नहदतुल उलेमा या इंडोनेशियातील विशाल मुस्लिम संघटनेचे अठ्ठाविसावे महाअधिवेशन तेथेच भरले. अशा ठिकाणी सत्तेच्या नीतीचा जो मापदंड विद्यार्थ्यांना शिकवला जातो, तोच गावाच्या कारभाराला लावून पाहणे मला न्याय्य वाटते. फिक्हमधील, म्हणजे इस्लामी न्यायशास्त्रातील, एक सर्वमान्य नियम असा आहे की, राज्यकर्त्याची रयतेविषयीची प्रत्येक कृती रयतेच्या हिताशी बांधलेली असली पाहिजे. दुसरा नियम म्हणजे कोणी कोणाला अपाय करू नये, अपायाच्या बदल्यातही करू नये. शेजाऱ्याच्या खिडकीत जाणारा जळत्या प्लास्टिकचा धूर आणि खालच्या वाडीच्या पाटात तुंबलेल्या पिशव्या या दोन नियमांच्या कक्षेत येतात, हे समजायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही.

याहून नेमके मार्गदर्शन मला अल्-मावर्दी यांच्या विचारात सापडते. १०५८ मध्ये निवर्तलेले हे बगदादचे शाफई, म्हणजे सुन्नी इस्लामच्या चार न्यायपंथांपैकी एका पंथाचे, न्यायशास्त्रज्ञ. बाजार, रस्ते आणि सार्वजनिक नीती यांवर देखरेख ठेवणाऱ्या मुहतसिब या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना त्यांनी शहराचा पाणीपुरवठा बिघडला किंवा तटबंदी ढासळली तर काय करावे, याचा विचार केला आहे. सार्वजनिक खजिन्यात पैसा असेल तर खर्च खजिन्याने करावा. खजिन्यात पैसा नसेल तर ती जबाबदारी ऐपत असलेल्या सर्व रहिवाशांवर मिळून येते. कोणा एकट्यावर ती लादता येत नाही. पांगुंगहार्जोची वर्गणी मला या विचाराच्या अगदी जवळची वाटते. जिल्ह्याची यंत्रणा गावापर्यंत पुरेशी पोहोचत नव्हती, तेव्हा गावाने ‘ज्याने त्याने आपले पाहावे’ असे म्हटले नाही आणि ‘सरकार येईल तेव्हा येईल’ असेही म्हटले नाही. ऐपतीप्रमाणे पैसा गोळा करून, तो गावाच्याच संस्थेच्या ताब्यात देऊन, हिशेब ग्रामसभेपुढे येईल अशी सोय केली.

इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१४ मध्ये कचरा व्यवस्थापनावर ४७ क्रमांकाचा फतवा काढला, त्याचाही येथे विचार केला पाहिजे. कुठेही कचरा टाकणे आणि वापरता येण्याजोगी वस्तू फेकून देणे हराम आहे, हे त्यातील कलम सर्वत्र सांगितले जाते. पण त्याच फतव्यात शासनाने आणि उद्योजकांनी सजीवांचा अपाय टाळण्यासाठी कचऱ्याचे व्यवस्थापन करणे बंधनकारक आहे, असेही म्हटले आहे. आणि कचऱ्यापासून उपयुक्त वस्तू बनवणे हे फर्ज-ए-किफाया ठरवले आहे, म्हणजे काही जणांनी ते केले तर सारे मोकळे आणि कोणीच केले नाही तर सारा समाज दोषी. मशिदीतील प्रवचने बहुधा पहिल्या कलमावर थांबतात, कारण ते व्यक्तीला उद्देशून आहे आणि व्यक्तीला दोष देणे सोपे असते. उरलेली कलमे सत्तेला आणि पैसेवाल्यांना उद्देशून आहेत. ज्या गावात कचरा नेणारी गाडीच येत नाही तेथे माणसाला ‘हराम’ म्हणून बजावण्यात काय न्याय आहे? पांगुंगहार्जोने आधी गाडी दारात आणली आणि मग निवडून देण्याची अपेक्षा ठेवली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

हा क्रम चुकला की काय होते, हे इंडोनेशियाने मोठी किंमत देऊन पाहिले आहे. २१ फेब्रुवारी २००५ रोजी बांडुंगजवळील लेउविगाजाह येथे कचऱ्याचा डोंगर कोसळून पायथ्याच्या वस्त्या गाडल्या गेल्या आणि दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर २००८ मध्ये कचरा व्यवस्थापनाचा कायदा आला आणि उघड्यावर कचरा ओतण्याची सर्व ठिकाणे पाच वर्षांत बंद करण्याचे बंधन स्थानिक शासनांवर घातले गेले. त्याच वर्षी बांतुलमधील बादेगान येथे देशातील पहिली ‘कचरा बँक’ सुरू झाली. नागरिकांनी निवडलेला कचरा तेथे जमा करायचा आणि त्याची किंमत खात्यावर लिहून घ्यायची. कायद्याची मुदत उलटून गेली तरी मोठी कचराक्षेत्रे भरतच राहिली, पण बांतुलसारख्या जिल्ह्यात लोकांनी आपापल्या पातळीवर काम थांबवले नाही. पांगुंगहार्जोचे यश त्या जिल्ह्याच्या सवयीतून आलेले आहे. एका हुशार गावप्रमुखाचा तो चमत्कार मानणे योग्य होणार नाही.

खरी परीक्षा २०२३ मध्ये झाली. योग्याकार्ता शहर, शेजारचा स्लेमान जिल्हा आणि बांतुल या तिन्हींचा कचरा ज्या पियुंगानच्या कचराक्षेत्रात जात असे, ते क्षमता संपल्यामुळे २३ जुलै ते ५ सप्टेंबर या काळात बंद ठेवावे लागले आणि शहरातील रस्त्यांच्या कडेला ढीग साचले. योगायोग असा की, त्याच सप्टेंबरात योग्याकार्ताच्या ‘विश्वरचनेच्या अक्षा’ला, म्हणजे शहराच्या उत्तर-दक्षिण रेषेवरील ऐतिहासिक वास्तूंच्या रांगेला, युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि या अक्षाचे दक्षिण टोक असलेली पांगुंग क्रापयाक ही सुलतानांच्या शिकारीची जुनी वास्तू याच परिसरात उभी आहे. जगातून पाहुणे बोलावणारा दर्जा आणि कचरा ठेवायला जागा नसल्याची नामुष्की एकाच ऋतूत आली. पुढे २०२४ मध्ये पियुंगान अधिकृतपणे बंद झाले आणि प्रत्येक जिल्ह्याने आपला कचरा आपणच जिरवावा, असे धोरण आले. ज्या गावाकडे आधीपासून निवडण्याचे केंद्र, शिकलेली माणसे आणि भंगाराचे गिऱ्हाईक होते, ते गाव या वादळात पाय रोवून उभे राहू शकले. क्रापयाकच्या अली मक्सूम पेसांत्रेननेही त्या पेचातून धडा घेऊन आपल्या आवारातच कचरा निवडण्याची आणि ओल्या कचऱ्याचे खत करण्याची व्यवस्था उभी केली. हजारो मुले जिथे दररोज तीन वेळा जेवतात, तिथे ही गोष्ट लहान नाही. फर्ज-ए-किफायाचा धडा पुस्तकात वाचणारी मुले स्वतःच्या ताटातील उरलेला भात कोणत्या डब्यात जातो हे ठरवतात, तेव्हा त्या धड्याला वजन येते.

याच जिल्ह्यातील ब्राजान वाडीत मुहम्मदिया या दुसऱ्या मोठ्या मुस्लिम संघटनेच्या परंपरेतील एक वेगळी वाट दिसते आणि तुलनेसाठी तिच्याकडे पाहिले पाहिजे. तेथील मशिदीत कचऱ्याचा सदका, म्हणजे ऐच्छिक दान, घेतला जातो. लोक निवडलेले प्लास्टिक आणि कागद आणून देतात, मशीद ते विकते आणि पैसा गरजूंच्या शिक्षणासाठी व उपचारांसाठी वापरते. लोकांचा मशिदीवर जो विश्वास असतो तो कोणत्याही पंचायतीवर सहजासहजी बसत नाही आणि हा उपक्रम त्या विश्वासाचा उत्तम उपयोग करतो. माझ्या मनात तरी एक शंका राहते. कुरआनच्या सूरह बकराच्या २६७ व्या आयतीत, जे तुम्ही स्वतः डोळे झाकल्याशिवाय स्वीकारणार नाही असे निकृष्ट दान देऊ नका, अशी ताकीद आहे. म्हणून असा सदका धुतलेला, वाळवलेला, विकता येईल असाच असला पाहिजे. अन्यथा आपली घाण दुसऱ्याच्या हाती देऊन पुण्य मिळाल्याचे समाधान तेवढे पदरी पडते. शिवाय दान जितके जास्त तितके पुण्य जास्त, हा हिशेब कचऱ्याला लावला तर कमी वस्तू वापरण्याचा विचार मागे पडतो. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, टाळण्याची आज्ञा सदक्याच्या आधी येते. या दोन्ही कारणांसाठी मी पांगुंगहार्जोच्या शुल्काच्या पद्धतीला अधिक गुण देतो. शुल्क भरणाऱ्याला आपण कचरा करतो याची दरमहा आठवण राहते आणि निवडणाऱ्या हातांना मजुरी मिळते.

आता कांपुंग मातारामान. योग्याकार्ताच्या दक्षिण वळणरस्त्यालगत, गावाच्या सामाईक जमिनीवर उभारलेली ही जागा जुन्या जावानी खेड्यासारखी मांडली आहे : उतरत्या छपरांची लाकडी घरे, चुलीवरचा स्वयंपाक, भोवती शेत. नारळाच्या दुधातील लोदेह ही भाजी कोकणी जिभेला परकी वाटत नाही. तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, मात्र मुद्दाम चाखावी, विशेषतः शाकाहारी मंडळींनी. जेवण साधे, ताजे आणि स्वस्ताईचे आहे. स्वतः वाढून घेण्याची पद्धत मला सर्वांत आवडली, कारण जो स्वतः वाढून घेतो तो टाकून देताना संकोचतो. पर्यटनाच्या गावात कचऱ्याचा मोठा भाग पाहुण्यांच्या उष्ट्यातूनच येतो. गावाच्या मालकीच्या जेवणघराचा नफा आणि त्या जेवणघराचा कचरा एकाच संस्थेच्या हिशेबात येतात, हेही येथे महत्त्वाचे आहे. आमच्याकडे नफा हॉटेलमालकाचा असतो आणि कचरा गावाचा.

उणिवांविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. वर्गणीवर चालणाऱ्या कोणत्याही सेवेची मर्यादा येथेही आहे : जो वर्गणी भरत नाही त्याचा कचरा कुठे जातो, या प्रश्नाचे उत्तर वर्गणीदारांच्या यादीत सापडत नाही. परसात कचरा जाळण्याची सवय जावाच्या ग्रामीण भागात जुनी आहे आणि २००८ च्या कायद्याने तिला मनाई करूनही ती गेलेली नाही. मावर्दी यांनी ऐपत असलेल्या सर्वांवर जबाबदारी टाकली होती, इच्छा असलेल्यांवर नव्हे. त्यामुळे गरीब घरांना शुल्कात सूट आणि बाकी सर्वांना सेवा अनिवार्य, हीच रचना मला त्या नीतीशी सुसंगत वाटते. दुसरी गोष्ट पाहुण्यांची. पर्यटक गावात काही तास राहतो, पण त्याने टाकलेली बाटली दीर्घकाळ उरते. प्रवेशमूल्यात किंवा जेवणाच्या बिलात कचऱ्याचा वाटा स्वतंत्र ओळीत दाखवून तो घेतला पाहिजे. येथून फार दूर नसलेल्या गुनुंगकिदुल जिल्ह्यातील न्ग्लांगेरान या पर्यटन-गावाने २०१४ मध्ये तीन लाखांवर पर्यटक आल्यानंतर शुल्क वाढवून गर्दी जाणीवपूर्वक कमी केली आणि तरीही गावाचे उत्पन्न टिकवले. २०२१ मध्ये त्याला जागतिक पर्यटन संघटनेचा सर्वोत्तम पर्यटन-गावाचा सन्मानही मिळाला. किती पाहुणे पेलवतील हे ठरवण्याचा अधिकार गावाला आहे आणि तो वापरणे हेदेखील अमानतीचे, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या जबाबदारीचे, पालन आहे.

तिसरी चिंता माणसांची आहे. मिश्र कचरा हाताने निवडण्याचे काम धोक्याचे आहे आणि घरातून निवडून न आलेला प्रत्येक डबा तो धोका दुसऱ्याच्या बोटांवर ढकलतो. पुण्यात २००८ मध्ये कचरावेचकांनी स्वतःच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी केली, तेव्हा हातमोजे, ओळखपत्र आणि थेट शुल्क यांबरोबरच निर्णयातील वाटाही त्यांना मिळाला. पांगुंगहार्जोमध्ये मालकी गावाची आहे, कामगारांची नाही. गाव चांगले असेल तर ते चालून जाते. पण शूरा, म्हणजे सल्लामसलत, ही जर कारभाराची अट असेल तर ज्यांचे हात कचऱ्यात आहेत त्यांना त्या मसलतीत हक्काची जागा हवी. गावप्रमुख बदलतो. इंडोनेशियाच्या २०१४ च्या ग्राम-कायद्याने मोठे निर्णय ग्रामसभेत घेण्याचे बंधन घातले आहे आणि गावाच्या उद्योगसंस्थांना २०२१ मध्ये स्वतंत्र कायदेशीर व्यक्तिमत्त्वही मिळाले आहे. या दोन तरतुदींचा आधार घेऊन ही सेवा व्यक्तीवर अवलंबून न ठेवता टिकवणे शक्य आहे.

हे सारे मी कोकणाच्या नजरेने पाहतो, याला एक खरे कारण आहे. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान आणि जावाचे मुसलमान हे दोघेही शाफई पंथाचे आहेत. मावर्दी आणि त्यांची परंपरा त्या दोघांची सारखीच आहे. आमच्या मोहल्ल्यांत जमात, म्हणजे मुस्लिम समाजाची स्थानिक संघटना, आहे, तिची वर्गणी आहे, हिशेबाची वही आहे आणि सार्वजनिक कामासाठी माणसे बोलावण्याची रीतही आहे. ‘सफाई आधा ईमान है’ ही पाटीही आहे. नाही ती गाडी, निवडण्याची शेड आणि ग्रामपंचायतीशी झालेला लेखी करार. हिंदू, मुसलमान आणि कोळी वाड्यांचा कचरा शेवटी एकाच खाडीत जातो, त्यामुळे ही सेवा कोणा एका जमातीची असून चालणार नाही. जमातीने पुढाकार घ्यावा, पण सेवा गावाची असावी. हे आपल्याकडे होऊ शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी वेंगुर्ला पाहावे. तेथील नगरपरिषदेने जुन्या डंपिंग ग्राउंडचे रूपांतर अशा जागेत केले आहे की, ती पाहायला लोक मुद्दाम जातात.

पाचपैकी मी या सेवेला चार गुण देतो. एक गुण अनिवार्यतेच्या आणि कामगारांच्या सहभागाच्या प्रश्नासाठी राखून ठेवतो. जाणाऱ्यांनी कांपुंग मातारामानमध्ये दुपारचे जेवण घ्यावे, शुक्रवारी जुम्याच्या नमाजाची वेळ मात्र टाळावी. क्रापयाकच्या पेसांत्रेनमध्ये जायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी आणि अंगभर कपडे घालावेत. निवडण्याचे केंद्र हे काम चालू असलेले ठिकाण आहे. तेथे जाण्याआधी गावाच्या कार्यालयात विचारावे आणि माणसांची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय काढू नयेत. पाण्याची बाटली घरून न्यावी आणि ती परत घरी आणावी.